रोज चार मिनिटं आधी

"साहेब, एक विचारू? वेल्डर माणूस रोज चार मिनिटं आधी कामावर येतो का हो?"

शेवटच्या रांगेतून आलेल्या या प्रश्नावर तरुण शास्त्रज्ञ खुदखुदले. व्यासपीठावरच्या माजी प्रमुखांचा पाण्याचा ग्लास मात्र ओठांपाशीच थांबला. आवाज त्यांनी ओळखला होता. जुन्या दुर्बिणीच्या नोंदी बावीस वर्षं हातानं लिहिणारी वहीताई!

माळभर पसरलेल्या शेकडो अँटेनांच्या नव्या रेडिओ दुर्बिणीनं दूरच्या एका मेलेल्या ताऱ्याची धडधड पकडली होती, त्याचा आज सोहळा. साहेब नुकतेच छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "ही चाहूल आम्हाला सतरा वर्षांपूर्वीच लागली होती!"

चाहूल म्हणे! तेव्हा हीच धडधड जुन्या दुर्बिणीच्या कागदावर उमटली, तर साहेबांनी बोट दाखवलं फाटकासमोरच्या वेल्डिंगच्या दुकानाकडे. ठिणग्यांचा गोंगाट म्हणून दुकानाची वीज तोडायला लावली. दुकान वहीताईच्या दादाचं. वीज गेली तरी धडधड थांबेना. तर म्हणाले, "तुझा भाऊ चोरून काम करतोय." तिनं वही पुढे केली. धडधड रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी येत होती. आभाळातला तारा रोज तेवढाच आधी माथ्यावर येतो, हे दुर्बिणीवरचा शिपाईसुद्धा जाणतो. साहेबांनी वहीत शेरा लिहून सही ठोकली आणि ती बाजूला सारली, "भावाची वकिली नको."

तिनं देवाकडे क्षमाबुद्धी कधी मागितलीच नाही. रोज हात जोडून एवढंच मागितलं, की या माणसाला एकदा माझ्यासमोर उभा कर. आणि भगवंत भोळा, त्यानं ऐकलं.

वहीताई वही घेऊन पुढे गेली. "सही तुमचीच ना? मग वाचा की मोठ्यानं."

"'गोंगाट. कारण, वेल्डिंगचं दुकान,'" साहेब पुटपुटले. "अहो ताई, चूक कुणाच्याही हातून..."

"होते ना! मग तसं लिहून द्या. सतरा वर्षं थांबले, पाच मिनिटांनी काय होतंय?"

साहेबांनी खिसे चाचपले. पेन कुणीच पुढे केलं नाही, तिनंच दिलं. लिहिताना त्यांनी दोनदा खाडाखोड केली. खोटं कशाला सांगा, तिला ते फार गोड वाटलं.

घरी दादा खिडकीपाशी बसला होता. नजर आता अधू झालेली. तिनं कागद वाचून दाखवला, 'तो आवाज दुकानाचा नव्हता. दोष माझा.'

"मग कशाचा होता गं?"

"मेलेल्या ताऱ्याचा, दादा. फार लांबचा."

दादा हसला. "बघ की! मेलेल्यानं काम सोडलं नाही, आणि मला जित्याला घरी बसवलं."

तिला वाटलं, आता तो 'जाऊ दे' म्हणेल. तो म्हणाला, "परत वाच."

तिनं वाचलं.

"आता नुसतं खालचं नाव वाच."

तिनं साहेबांचं नाव वाचलं. दादानं कागद हातात घेतला, सहीची जागा अंगठ्यानं चाचपली, आणि म्हणाला, "आणखी एकदा. सावकाश."