दादाच्या डोक्यातला भाडेकरू

दाढी करता करता दादाला फिट आली, तेव्हा खुर्चीत बँकेतला कारकून बसला होता. वस्तरा हातातून निसटून फरशीवर पडला, पाठोपाठ दादाही आडवा झाला, आणि कारकून तोंडावरच्या फेसासकट रस्त्यावर धावत सुटला. मदत आणायला धावला की जीव वाचवायला, यावर गल्लीत अजून एकमत नाही. काही का असेना, येताना तो गाडी घेऊन आला.

त्या दिवसापासून दादाने वस्तऱ्याला हात लावला नाही. सलून त्याचं, पाटीवर त्याचा फोटो, आणि तो आपला केस झाडतोय, टॉवेल वाळत घालतोय. गिऱ्हाइकं सगळी धाकट्या भावाकडे. धाकट्याचा हात चांगला होता, पण दादाला ते बघवत नसे. "डावा कल्ला खाली गेलाय," असं तो झाडू मारता मारता पुटपुटायचा.

मेंदूचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक बारीकसा ठिपका दाखवला. "ही पट्टकृमीची अळी. टेपवर्म म्हणतात ना, त्याचं पिल्लू. मेंदूत बिऱ्हाड थाटून बसलंय."

दादा ताडकन उठला. "अहो, मी जन्मात मटणाला शिवलो नाही!"

"डुकराचं कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात किडा होतो. त्याने हात नीट धुतले नाहीत की किड्याची अंडी दुसऱ्याच्या खाण्यात जातात, आणि तिथून अशी डोक्यात. तुमच्या खाण्याला हात लावणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी पोटात मोठा किडा असणार. सगळ्यांची तपासणी करू."

दादाला त्या कोणाशी काही देणंघेणं नव्हतं. "मला परत वस्तरा धरता येईल का, तेवढं सांगा."

"माझे सर शिकत होते तेव्हा आत काय आहे हे दिसायचंच नाही. फिटच्या गोळ्या द्यायच्या नि देवावर हवाला ठेवायचा. आता दिसतं, आणि गोळ्यांनी मारताही येतं. मात्र मरताना तो मेंदूला सूज आणतो, म्हणून सुजेचं औषध बरोबर घ्यायचं. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू, मग बोलू."

घरी वहिनीचा पारा चढला. "म्हणजे माझ्या हातचं खाऊन हे झालं म्हणायचं?" तिने घरातली सगळी भांडी पुन्हा घासून काढली आणि नमुन्याची डबी सर्वांच्या आधी नेऊन दिली. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला. सापडला तो धाकटा. स्वारी डेपोजवळच्या टपरीवर डुकराचं मांस खायची, तेही आतून गुलाबी राहिलेलं. आणि दुपारच्या डब्याबरोबर दोघांसाठी काकडी चिरायची, ती हात पँटला पुसून.

"मी तुला लहानाचा मोठा केला," दादा कडाडला, "आणि तू मला काकडीतून किडे चारलेस!"

धाकट्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याला एकदाच घ्यायचं औषध दिलं. "एवढंच?" त्याने दोनदा विचारलं. ऑपरेशन, उपास, काहीतरी जबर सोसावं लागेल अशी त्याची तयारी होती. दादा महिनोन्‌महिने झाडू मारणार आणि आपण एका घोटात सुटलो, हे त्याला फार लागलं.

पुढच्या फोटोत ठिपका नव्हता. "गेला!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फिटच्या गोळ्या मी सांगेपर्यंत चालू ठेवा. पण कामाला लागा."

दादा कामाला लागला, पण गळा कोण देणार? गल्लीतल्या प्रत्येकाला एकाएकी दाढी वाढवायची हौस आली. कारकून म्हणाला, बायकोला दाढी आवडते. शिंपी म्हणाला, थंडी आहे. दादा हसून मान डोलवायचा. खरं तर त्याला हायसंच वाटत होतं, कारण वस्तरा उचलला की त्याला फरशीवर आडवा झालेला तो दिवस आठवायचा.

एका दुपारी धाकट्याने एप्रन काढला आणि खुर्चीत जाऊन बसला. गालांवर चांगलेच खुंट वाढले होते.

"दादा, माझी कर."

"वेडा आहेस का? मला पुन्हा काही झालं तर?"

"बाईंनी सांगितलंय ना, लाग कामाला म्हणून? कर." त्याने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

दादाने फेस लावला. वस्तऱ्याला नवं पातं चढवलं, उगाच दोनदा पुसलं. पहिला हात गालावर भीतभीत फिरला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला बोटांना जुनी वाट सापडली, आणि कानाजवळचा तो ओळखीचा खरखर आवाज ऐकून दादाला एकदम भरून आलं. आता राहिला होता फक्त गळा.

"मान वर कर रे," दादा म्हणाला.

दादाने वाकून पाहिलं. धाकटा चक्क घोरत होता.

दादाने डाव्या हाताने त्याची हनुवटी अलगद वर उचलली, आणि वस्तरा गळ्यावर टेकवला.