नणंदबाईंचा उतार

नणंद आणि भावजय सायकलवरून पाच दिवसांच्या प्रवासाला निघणार हे कळलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खरं तर जायचं होतं बहीण-भावाने. नदीकाठचा रस्ता, मधलं जंगल, मुक्कामाच्या खोल्या, सगळं भावानेच ठरवलं होतं. पण निघायच्या चार दिवस आधी तो पंखा पुसायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट खाली आला. गुडघ्याचा भोपळा झाला.

"आता तूच जा ताईबरोबर," तो बायकोला म्हणाला. "तेवढाच हवाबदल."

"हवा बदलेल हो. ताई बदलणार आहेत का?" ती म्हणाली. पण गेली.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. सतत कागदावर वाकून मानेला बाक आला होता, म्हणून घरात तिचं नाव पडलं वेलांटी. ताई मोठ्या इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तिथे म्हणे डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून शिंकायचे. घरात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'कलेक्टर' म्हणत. तीस वर्षांत या दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

पहिले दोन दिवस रस्ता सपाट होता आणि नदी सतत उजव्या हाताला होती. ताई पुढे, वेलांटी मागे. "पाणी पी. डावीकडून चल. टोपी नीट घाल." वेलांटी पाणी प्यायची, डावीकडून चालवायची, टोपी नीट घालायची आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या दुसऱ्या गुडघ्याकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी जंगल लागलं. झाडं इतकी उंच, की ऊन खाली येईपर्यंत दमून हिरवं व्हायचं. रस्ता कधी चढायचा, कधी उतरायचा. चढावर ताई दात-ओठ खाऊन पॅडल मारायच्या, बासष्टाव्या वर्षी, कुठेही न थांबता. पण उतार आला की खाली उतरायच्या. एकदा बुटात खडा गेला. एकदा फोटो काढायचा होता. एकदा "चेन वाजतेय गं" म्हणून त्या सायकल हातात धरून पार तळापर्यंत चालत गेल्या. वेलांटीच्या नजरेतून काय सुटणार? चूक एकदा झाली तर ती नजरचूक. तीनदा झाली की लिहिणाऱ्याचं काहीतरी म्हणणं असतं.

घाटमाथ्यावर वनखात्याची चौकी होती. तिथली रखवालदारीण खुर्ची बाहेर टाकून पालेभाजी निवडत बसली होती. "खालचा पूल बंद आहे, दुरुस्ती चाललीय," ती म्हणाली. "होडीने जावं लागेल. शेवटची साडेचारला सुटते. ती चुकली तर आलात तसं मागे."

मागे म्हणजे बावीस किलोमीटर, आणि त्यातला निम्मा चढ. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. नदी खाली चार किलोमीटरवर, आणि तो सगळा उतार.

"तू हो पुढे," ताई म्हणाल्या. "मी येते चालत. होडी थांबवून ठेव."

"होडी थांबवायला मी काय कलेक्टर आहे?" वेलांटी बोलून गेली. आणि जीभ चावली.

रखवालदारणीने भाजीतून मान वर केली. ताईंनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "मला माहितेय ते. निदान बारा वर्षं माहितेय. वाईट नाहीये नाव." आणि सायकल भिंतीला टेकवून कट्ट्यावर बसल्या. "अगं, मला उतार जमत नाही. छातीत धस्स होतं. अकरा वर्षांची होते. तुझ्या नवऱ्याला कॅरिअरवर बसवलं आणि टेकडीवरून सोडली सायकल. तो सहाचा. भुवईवर पाच टाके पडले."

"ते? पण त्यांनी तर मला सांगितलंय, बकरीने ढुशी मारली म्हणून!"

"ती बकरी मीच."

वेलांटीला हसू आवरेना. त्यातच तिला काहीतरी वेगळंही वाटलं. सहा वर्षांच्या पोराने बहिणीला मार बसू नये म्हणून मारलेली थाप त्या माणसाने पन्नास वर्षं जपली होती, अगदी सख्ख्या बायकोपासूनसुद्धा. आणि हा तोच माणूस, ज्याच्या पोटात शेजाऱ्यांची साधी गोष्ट दोन तास राहत नाही!

"उठा," ती म्हणाली. "आज मी पुढे. तुम्ही फक्त माझ्या पाठीकडे बघायचं, चाकाकडे नाही. दोन्ही ब्रेक, थोडे थोडे. मी 'स्वल्पविराम' म्हटलं की हलका दाबायचा. 'पूर्णविराम' म्हटलं की थांबायचं."

"आणि मी पडले तर?"

"तर परिचारिका आहेच की बरोबर."

निघाल्या. पहिल्या वळणावर मागून ताईंचा आवाज आला, ते देवाचं नाव होतं की शिवी, हे वेलांटीला कळलं नाही. "स्वल्पविराम!" ती ओरडली. ब्रेक कुरकुरले. "सोडा आता! स्वल्पविराम! सोडा!" झाडं दोन्ही बाजूंनी मागे पळत होती, ओल्या पानांचा वास नाकात भरत होता. चौथ्या वळणापलीकडे लाकडं भरलेली गाडी रस्त्यात आडवी उभी होती. "पूर्णविराम! पूर्णविराम!" दोघी थांबल्या. ताईंचं पुढचं चाक ओंडक्यांपासून हातभर लांब होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पाय जमिनीवर होते आणि सायकल उभी होती.

"थांबली," ताई म्हणाल्या. जणू हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

गाडीला वळसा घालून पुढे गेल्यावर रस्ता सरळ झाला आणि खाली नदी दिसली, रुंद आणि चकचकीत. नावाडी दोर सोडत होता. वेलांटी ओरडायला तोंड उघडणार, तोच तिच्या शेजारून काहीतरी सुसाट गेलं. ताई! टोपी पाठीवर, कोपरं बाहेर.

"थां-बा!"

एवढ्या वर्षांच्या वॉर्डातला तो आवाज. नावाड्याने दोर पुन्हा खुंट्याला बांधला, आणि होडीत उभे असलेले दोघे जण मुकाट्याने खाली बसले.

"बाई, आमच्या सासूबाई आठवल्या," नावाडी सायकली चढवताना म्हणाला.

"तब्येत बरी आहे ना त्यांची?" ताईंनी विचारलं, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्यांच्या रक्तदाबाची सगळी चौकशी केली. मधेच वेलांटीच्या हातावर हात ठेवला आणि तो काढायला विसरल्या.

मुक्काम किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत होता: दोन खाटा, एक खिडकी, न लागणारी कडी. दोघी नऊच्या आत झोपल्या. सकाळी वेलांटी उठली तर मांड्या लाकडाच्या झालेल्या. ताईंचीही तीच गत. खाली चहा तयार होता आणि मधे चौदा पायऱ्यांचा उभा जिना. पहिल्या पायरीवर पाय ठेवताच दोघींच्या तोंडून एकदमच "आई गं" निघालं. मग ताईंनी सरळ बैठक मारली. वेलांटी त्यांच्या शेजारी बसली. एकेक पायरी घसरत, कठड्याला धरून, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढत त्या खाली निघाल्या.

दुकानदारीण कपबशा घेऊन जिन्याशी आली आणि थबकली. "काय झालं? पडलात का?"

"नाही हो," ताई म्हणाल्या. "चहा तिथेच ठेवा. आम्ही येतोय."