सूर्याच्या कडेवरची कारंजी

माझी थोरली लेक दुर्बिणीवर कामाला आहे. सूर्याच्या कडेवरून तापलेल्या वायूची कारंजी उडतात, त्यांच्यातून लाटा वर चढतात, त्यांची चित्रं ती काढते. दर रविवारी फोनवर मला ते समजावते. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. उतू जाणारं दूध मी काय कमी पाहिलंय? पण कळलं म्हटलं की ती "बरं, ठेवते" म्हणणार, आणि मग आठवडाभर या घरात फक्त फ्रिज घरघरणार. म्हणून कुणापुढे कधी मान न वाकवणारी मी म्हणते, "काही डोक्यात शिरलं नाही बाई."

या रविवारी ती म्हणाली, "आई, काल पाठवलेला व्हिडिओ पाहिलास ना? त्यात सगळं बोलून ठेवलंय. हवा तेव्हा लाव. आता दर वेळी मी सांगायला नको."

व्हिडिओ काय मला "जेवलीस का" विचारणार आहे?

"पाहिला," मी म्हटलं. "पण चुलीपासून लांब गेलं की धग कमी होते. तुझ्या सूर्याच्या अंगापेक्षा त्याच्या भोवतीची हवाच जास्त तापलेली. ते कसं?"

ती हसली. "तेच तर शोधतोय आम्ही. या लाटाच उष्णता वर नेत असाव्यात. पण पुरतं अजून कुणालाच माहीत नाही."

"मग शोध, आणि दर रविवारी सांगत जा," मी म्हटलं. "काही सापडलं नाही, तर तेही सांग. अर्धवट काम मला चालत नाही."