कडुबादादाचा मोठा आवाज

कडुबादादाच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंसंच होतं. "सखाराम, मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. लवकर सापडला, काळजी नको. आपले बाबा लघवी कोंडून गेले, तेही हेच असावं असं डॉक्टर म्हणतात. बापाला आणि भावाला असेल तर धोका जास्त. रक्ताची पीएसए तपासणी कर आणि आकडा कळव."

दादा तोफखान्यात हवालदार होता. तोफांनी त्याचे कान नेले, म्हणून तो सिल्लोडहून पत्रं लिहितो. समोर असलं की ओठांवरून त्याला कळतं, पण फोनवर त्याच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या गॅलरीत उभं राहून 'लघवी' हा शब्द ओरडणं मला जमणारं नव्हतं. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात मी कुजबुजतच बोललो. पत्र लिहायला बसायचो, पण तपासणीच केली नव्हती तर लिहिणार काय? रात्री सारखं उठावं लागत होतं. त्याबद्दल पुष्कळ वाचलं होतं, म्हणून भीती जास्तच.

शेवटी दादाच डॉक्टरांना दाखवायला शहरात आला. मी सोबत गेलो. दवाखान्याच्या बाकांवर सगळे म्हातारे बसलेले, नजरा फरशीवर. दादानं शेजारी बसलेल्या राहतभाई टेलरना विचारलं, तेही साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं, "धार कशी आहे तुमची?"

मी वर्तमानपत्रात तोंड लपवलं.

"अजी, हळू बोला. जनाना बैठी है," राहतभाई दचकून म्हणाले.

"रात्री कोण किती उठतं, ते बायांनाच आधी कळतं! आमचा बाप लाजून मेला. घरात कुणी नाव काढलं नाय. उष्णता झाली म्हणायचे आन् सब्जा पाजायचे."

"व्हय की," कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "आमचे हे बी सब्जाच पितात." तिचा नवरा कसनुसा हसला. मग एकेक जण बोलू लागला. राहतभाईंनी तर पोरापासून लपवलेली जळजळही सांगून टाकली. दादानंही आपला कॅन्सर आणि तोफखान्यातली नोकरी, दोन्ही सांगितलं.

"हे फौजेमुळं झालं का?" कुणीतरी विचारलं.

"मी बी डॉक्टरला तेच इचारलं. फौजेतल्या लोकांत जास्त सापडतो म्हणं, पण त्यांची तपासणी बी जास्त होते. नक्की सांगता येत नाय म्हणाले. बापाला असलं की पोराला धोका जास्त, हे मात्र नक्की. फौजेनं मला एक सवय दिली. हाक आली की रांगेत उभं राहायचं." मग त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हा माझा भाऊ. लई पुस्तकं वाचलीत. अजून रांगेत आला नाय."

सगळे हसले. दादा हसला नाही. माझ्या कानाशी वाकून तो कुजबुजला. त्याला कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सखा, बाबांच्या टायमाला मी सरहद्दीवर होतो. तुझ्या टायमाला इथं हाय."

दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या लॅबमध्ये गेलो. मागं गर्दी होती. "कसली तपासणी, काका?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. मी सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. मग मी मोठ्यानं सांगितलं.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून आलो आणि पत्र लिहिलं.

"दादा, तपासणी केली. आकडा वाढलेला आहे, खाली लिहिला आहे. एवढ्यावरून कॅन्सरच आहे असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढची तपासणी महिनाअखेरीस. तू सोबत ये. डॉक्टरांना काय विचारायचं ते तूच विचार. मोठ्यानं."

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. न वाचताच पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.