खंडेनवमीची ऊब

घाटकोपरच्या त्या कारखान्याच्या शेडमध्ये वर्षातून एकच दिवस शांतता असायची, खंडेनवमीचा. आदल्या संध्याकाळीच जुने कारागीर परबकाका मेन स्विच खाली ओढायचे. यंत्रांना सुट्टी, माणसांनी मात्र पूजेला यायचंच, भाग्य लोखंडाचं!

इंजिनीअर अनुपमा राऊळ नवी साडी नेसून आली. तिचं यंत्र अगदीच चिमुकलं होतं: लहान उपग्रहाला अंतराळात हळूच ढकलणारं इंजिन. त्याच्या पोटात टॉर्चच्या सेलएवढी किरणोत्सारी गोळी बसायची, स्वतःच्याच धगीने वर्षानुवर्षं गरम राहणारी. तिच्यावर वायू तापायचा आणि बारीक तोंडातून सुटायचा. खरी गोळी नुकतीच आली होती आणि शिशाच्या पेटीत कुलूपबंद होती. चाचण्या चालायच्या हुबेहूब तशाच नकली गोळीवर. तिच्यात नुसती विजेवर तापणारी तार होती.

खरी गोळी आली तेव्हा साहेबांनी प्रत्येक बाईला बोलावून विचारलं होतं, दिवस गेलेत का. असतील तर या कामापासून दूर राहायचं. अनुपमा सरळ 'नाही' म्हणाली. तिला तिसरा महिना चालू होता, पण सासूबाईंनी बजावलं होतं, तिसरा सरेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. आधीची दोन पोटातच गेली होती. एवढी शिकलेली अनुपमा, पण या बाबतीत मुकाट ऐकत होती. आणि नकली गोळीला भ्यायचं कशाला?

पूजा आटोपली. पेढे खात मंडळी फाटकाशी गप्पा मारत उभी राहिली. आत अनुपमा एकटीच पाटासमोर बसली होती. माळा घातलेली यंत्रं गेलेल्या माणसांच्या फोटोंसारखी दिसत होती. तिला ते आवडलं नाही.

कंबर सकाळपासून दुखत होती. पाटावरची कुंकू लावलेली गोळी तिने सहज उचलली. छान कोमट होती. तिने ती पदराआड ओटीपोटाशी धरली, आणि काय बरं वाटलं म्हणून सांगू! तिने डोळे मिटले. मांजराचं पिल्लू कुशीत झोपावं तशी ती गोळी स्वस्थ पडून होती. बाहेरच्या गप्पा, हसणं, सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ गेला, तरी ती निवायचं नाव घेईना.

अनुपमाने डोळे उघडले. मेन स्विच कालपासून खाली होता.

"परबकाका!"

ते हात पुसत आत आले.

"ही नकलीच ना हो?"

"नकली?" परबकाका दुखावले. "अगो बाय, नकली हत्याराची कोणी पूजा करतं? साहेबांकडून चावी घेऊन खरी काढली मी. चिमट्याने हां! आता परत पेटीत ठेवणारच होतो. आणि बाधायचं कुणाला? बायकांना विचारून झालंय ना." मग त्यांना रिकामा पाट दिसला. "कुठाय ती?"

अनुपमाने पदराआडून हात बाहेर काढला.

परबकाकांचा चेहरा उतरला. "बाय, तू साहेबांना खरं सांगितलंस ना?"

तिने मान हलवली. नाही. जे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, "काका, मला दिवस आहेत."

त्यांनी चिमट्याने गोळी उचलली, पेटीत ठेवली, कुलूप घातलं. अनुपमा जागची हलली नाही. पोटातली ऊब गेली नव्हती. ती गोळीची की बाळाची, हे तिला काही केल्या कळेना, आणि हात लावून पाहायचा धीर होईना.