काकूंची खानावळ, सात दिवस बंद

दर बुधवारी दुपारी काकूंच्या खानावळीत दोन मित्रांबरोबर बटाट्याचं सूप आणि भाजलेला पाव, हा इन्स्पेक्टरचा वीस वर्षांचा नेम. नोकरी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची, पण काकूंच्या स्वयंपाकघरात तो एकदाही डोकावला नव्हता. तो भाग दुसऱ्याच्या हद्दीत होता. तो दुसरा निवृत्त झाला आणि वरच्या साहेबांनी ती हद्द याच्या गळ्यात मारली. झाली का पंचाईत!

मित्रांपैकी एक प्लंबर, तोंडाला खीळ नसलेला. दुसरा बसचा ड्रायव्हर, आठवड्यात चार वाक्यं बोलणारा. दोघांनीही सांगून पाहिलं की बाबा रे, बाहेरच्या बाहेर सही कर आणि सूप प्यायला बस. इन्स्पेक्टरलाही तेच करायचं होतं, खोटं कशाला बोला? त्याच्या बेकारीच्या दिवसांत काकू त्याची वाटी रिकामी दिसली की न विचारता भरायच्या. त्यांच्यावरच कागद काढायचा आणि मग कुठल्या तोंडाने तिथे जेवायला बसायचं? ते टेबल आता आपल्याला कायमचं अंतरणार, याच भीतीने त्याला दोन रात्री झोप नव्हती.

पण त्या बुधवारी आत गेल्यावर डोळे मिटून घेता येईनात. फ्रिजच्या दाराचं रबर फाटलेलं, आतलं दूध कोमट. बेसिनचा पाइप चिंधीने बांधलेला आणि त्याचं पाणी मैद्याच्या पोत्यापर्यंत आलेलं. चिंधी बांधणारा कोण, तर आपलाच प्लंबर. 'तात्पुरतं' म्हणून, तीन वर्षांपूर्वी! बाहेर एक बाई तेच दूध घातलेलं सूप आपल्या लेकराला भरवत होती. इन्स्पेक्टरने सात दिवस बंदची नोटीस लिहिली, काकूंच्या हातात ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला.

ड्रायव्हरने त्याचा फोन घेणं बंद केलं. प्लंबर घरी येऊन वाट्टेल ते बोलून गेला, पण चिंधी त्याच्या जिव्हारी लागली असावी, कारण दुसऱ्याच दिवशी त्याने सगळा पाइप नवा टाकला. फ्रिजचं रबर ड्रायव्हरने शोधून आणलं. पुढच्या बुधवारी सकाळी इन्स्पेक्टरने पुन्हा पाहणी केली, सगळं चोख होतं, नोटीस उठवली.

दुपारी तो दारात घुटमळत उभा राहिला. ड्रायव्हरने पायाने खुर्ची सरकवली, तसा तो येऊन बसला. दोघांच्या वाट्या आल्या. याच्यापुढे काकू रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या.

"काकू, नोटीस काढणं मला भाग होतं," तो म्हणाला.

"नोटिशीचं मनात नाही माझ्या. त्या लेकराला काही झालं असतं तर मी जन्मभर रडले असते," काकू म्हणाल्या. "पण त्या दिवशी तू न जेवता गेलास. मला वाटलं, याला आता माझ्या हातची किळस आली."

इन्स्पेक्टरला भडभडून आलं. नोटीस उठेपर्यंत तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही असा नियम आहे, हे त्याने कसंबसं सांगितलं.

"मग तसं तेव्हाच सांगायचं होतंस ना. आठ दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

त्यांनी त्याची वाटी आणली, सोबत स्वतःचीही आणली आणि चौथी खुर्ची ओढून जेवायला बसल्या.