दोन बोटांचं अंतर

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे. ओढणं हा माझा जन्माचा स्वभाव; त्यात माझं कर्तृत्व काही नाही. कारखान्यात घडलो, मांडवातल्या कर्ण्यात वर्षानुवर्षं कोंडलो आणि कर्णा फुटल्यावर कामतघरच्या भंगारवाल्याकडे धूळ खात पडलो. तिथून करिष्मानं मला उचललं.

करिष्मा भिवंडीच्या एका कॉलेजात संशोधन करायची. तिचे बाबा, हिरामण, यांचा हात कापड विणायच्या लूमच्या पट्ट्यात सापडला होता. जखम भरली, पण मनगटातली नस, म्हणजे चेतातंतू, तुटल्यानं बोटं बधिरच राहिली. "तुटलेली नस वाढते बाबा, पण वाट चुकते," ती म्हणायची. ती वाट दाखवायला तिनं मला नेमलं!

कोंबडीच्या अंड्यातून काढलेल्या चेतापेशी ती काचेच्या बशीत वाढवायची. डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे कण त्या पेशी गिळत. मी चार बोटं लांब बसून हळूच ओढायचो आणि पेशींना फुटलेले तंतू माझ्या दिशेनं वाढायचे. "शहाणा रं माझा चुंबक!" करिष्मा म्हणायची. मी काय फुशारलो होतो तेव्हा!

२००७ सालातला एक शुक्रवार. भारनियमनाचा वार म्हणून लूम बंद, वीज कधी जाईल नेम नाही. करिष्माला मुंबईला मार्गदर्शक सरांकडे जायचं होतं, म्हणून कॉलेजात बशीपाशी बाबा बसले. वीज गेली की पेशींची ऊब टिकवायला जनरेटर लावायचा, एवढंच काम. बशीत बारा दिवसांचे तंतू होते. बाबांनी लेकीनं शिकवल्याप्रमाणे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"आरं द्येवा, धागे ढिले परलेत!"

जन्मभर लूमवर ढिला धागा दिसला की ताण वाढवणारा माणूस तो. त्यांनी मला बशीकडे दोन बोटं सरकवलं. मायेनंच हो! मला थांबता येत नाही. मी ओढलं आणि तंतू तटातट तुटले.

घाबरून त्यांनी मला परत जागेवर ठेवलं. संध्याकाळी करिष्मानं विचारलं, "बाबा, तू चुंबकाला हात लावलास काय?"

"न्हाय गो पोरी. मी कशाला लावू?"

तिनं विश्वास ठेवला. लोखंडाचे कणच पेशींना बाधले, असं वहीत लिहिलं आणि ते काम कायमचं सोडलं. बशी औषधाच्या पाण्यात झाकून माझ्यासोबत घरच्या कपाटात ठेवली. पेशी मेल्या. पण कपाट हललं की त्यांच्यातले काळे कण अजून माझ्याकडे सरकतात. मेलेल्यांनी माझं ऐकावं! मला फार भीती वाटते.

घरात कुणी नसलं की हिरामण कपाट उघडतात. "गप ऱ्हा," मला म्हणतात, "तिला सांगू नको." मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

परवा करिष्मा त्यांची बोटं चोळत होती. "ते जमला असता ना बाबा, तर तुजी बोटा..." बाबांनी हात काढून घेतला. एक शब्द बोलले असते, तर तिनं दुसऱ्याच दिवशी नवी बशी मांडली असती.

मित्रांनो, चूक झाली तर त्याच दिवशी सांगून टाका. मला तोंड नाही. तुम्हांला आहे.